कुलपाआड चालणारी गिरणी

दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत गिरणी चालू होती. दुपारचे दोन वाजलेले. मी पान्हा घेऊन दारात उभा.

"लाईट आली की रोज अशीच सुरू व्हतीय," सुमनताई म्हणाल्या. "लाईट जाईस्तवर थांबत न्हाई."

जामखेडजवळच्या वस्तीवरची ही पिठाची गिरणी. ती चालवणारे रंगनाथराव, सुमनताईंचे यजमान, पंधरा दिवसांपूर्वी शेतात बसल्या जागी गेले. दुसऱ्याच दिवसापासून हे सुरू झालं. रंगनाथ दळायला येतो, असं वस्तीनं ठरवून टाकलं. आत जायची कोणाची छाती नव्हती. दळण घेऊन बायका लांबच्या गिरणीवर जायला लागल्या.

"दोन पोरी हायेत, भाऊ. गिराइक तुटलं तर आमी खायाचं काय?"

तीस वर्षं मी मोटारी दुरुस्त करतोय. मोटार जळते, अडते, गुरगुरते; आपण होऊन सुरू होत नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. मग कुलूप काढलं आणि माझीच बोबडी वळली.

आत कोणी नव्हतं. पट्टा फिरत होता, दगड रिकामेच घरघरत होते. खुंटीवर पिठानं पांढरा झालेला सदरा होता आणि त्याच्या बाह्या हलत होत्या. पट्ट्याच्या वाऱ्यानं, हे मला कळत होतं. तरी त्या सदऱ्याकडे पाठ करायचा धीर मला झाला नाही.

तसाच सरकत गेलो आणि भिंतीवरचा मेन खटका खाली ओढला. गिरणी हळूहळू थांबली. नंतरची शांतता आवाजापेक्षा वाईट होती.

स्टार्टर, म्हणजे मोटार चालू-बंद करायची पेटी, उघडला. आत एक डबी जोडलेली. तिला आम्ही 'ऑटो' म्हणतो. ती विहिरीच्या पंपाला लावतात, म्हणजे लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो. गिरणीला कोणी शहाणा माणूस लावत नाही; हात पट्ट्यात असताना लाईट आली तर संपलंच. रंगनाथरावांनी लावली होती. धान्य ओतून शेतात जायचं, लाईट आली की दळण सुरू, संध्याकाळी येऊन खटका ओढायचा. त्या दिवशी ते आलेच नाहीत. खटका तसाच चालू राहिला.

म्हणजे गेलेल्या माणसानं लावून दिलेलं काम रोज सुरू होत होतं. वस्ती अगदीच खोटं बोलत नव्हती.

"ताई, खटका तरी ओढायचा!"

"कंचा खटका? त्यांनी मला मशीनला कवा हातच लावू दिला न्हाई. शॉक बसंल म्हनायचे."

बारा वर्षं त्या दळणं घेत होत्या, पीठ देत होत्या. मशीन मात्र नवऱ्याचं.

मी डबी सोडवायला घेतली.

"आजच काढायची का?" त्या हळूच म्हणाल्या. "आवाज आला की वाटायचं, हायेत अजून."

मला राग आला, आणि लगेच फार वाईट वाटलं. डबी काढली. वस्तीला बोलावून दाखवली. काहींना पटलं, काही नुसते बघून गेले. मग सुमनताईंना खटका, बटण, दगड सैल-घट्ट करायचं चाक, सगळं पुन्हा पुन्हा करायला लावलं.

चार दिवसांनी चक्कर मारली. गिरणी चालू होती. शेजारची म्हातारी बाजरीचा डबा घेऊन उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"कोन चालवतंय गं?" तिनं दबकत विचारलं.

"मी चालवतीय, मावशी. या आत."

तेव्हापासून कुठल्याही घरच्या धंद्यात गेलो की मी आधी विचारतो, तुमच्याशिवाय हे मशीन कोणाला चालवता येतं? बहुतेक मालक हसतात. मी त्यांच्या बायकोला बोलवायला सांगतो आणि ती येईपर्यंत पान्हा पिशवीतून काढत नाही.