चौथा खांदा

"एक मिनिट, मॅडम," म्हणत आमचे ड्रायव्हर काका शववाहिनीचं मागचं दार लावायचे, त्यावर तळहात टेकायचे आणि डोळे मिटून प्रार्थना पुटपुटायचे. पनवेलमधल्या आमच्या संस्थेच्या दोन शववाहिन्यांच्या पाळ्या मी लावते. डिझेल, स्ट्रेचर, पत्ता, नातेवाइकाची सही, सगळं माझ्या यादीत असतं. ते मिनिट कुठल्याच रकान्यात बसायचं नाही.

दुसरा ड्रायव्हर टोमणा मारायचा, "काका, मेलेल्यांनाही ख्रिस्ती करता की काय?"

"नाही रे. माझंच अजून पुरतं झालेलं नाही."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. त्याच्या शांतपणाचा आधी राग येतो, मग आधार वाटायला लागतो. एकदा मी विचारलंच, ही शांती आणता कुठून? टायर तपासता तपासता त्यांनी सांगितलं. पूर्वी ते ट्रक चालवायचे. पळस्प्याला डुलकी लागली आणि नेऱ्याचा एक मुलगा चाकाखाली गेला. एकुलता एक. शिक्षा झाली. तुरुंगात कुणीतरी बायबल दिलं, सुटल्यावर बाप्तिस्मा घेतला.

"प्रभूनं माफ केलं, मॅडम. पण त्या आईसमोर जायला नको?"

दर नाताळच्या आदल्या दिवशी ते नेऱ्याला जायचे. त्यांना पाहून घरातलं कुणी बोलायचं नाही. अंगणात उभे राहून ते परत यायचे.

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यातून फोन आला. मी गेलेल्या बाईचं नाव आणि पत्ता लिहून चिठ्ठी काकांच्या हातात दिली. ती वाचून ते पायरीवर बसले.

"हीच ती आई. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

दुसरी गाडी गॅरेजात होती. "पाळी तुमची आहे, काका," मी म्हणाले. खरंच असं म्हणाले. मग स्वतःचीच लाज वाटून गाडीत त्यांच्या शेजारी बसून मीही गेले.

दवाखान्यातून मृतदेह घेऊन नेऱ्यात गाडी थांबताच कुणीतरी ओरडलं, "ह्योच तो!" दोघांनी काकांची कॉलर धरली. काकांनी हातसुद्धा वर केला नाही. तिरडीपाशी मुलाचा म्हातारा बाप उभा होता.

"सोडा त्याला." मग काकांकडे न बघता तो म्हणाला, "माज्या पोराची जागा रिकामी हाय. तितं खांद्याला तू लाग."

मी गाडीतच थांबले. काका परतले तेव्हा त्यांच्या शर्टावर, उजव्या खांद्याला तिरडीवरचा गुलाल होता. वाटेत एकदाही त्यांनी खांदा बदलला नव्हता, असं त्यांच्यामागून आलेला एक जण म्हणाला.

"म्हणजे माफ केलं त्यांनी?"

"माहीत नाही. शिक्षा असेल, तर तीही बरोबरच आहे."

दिवाळीनंतर काका हृदयविकारानं गेले. नाताळ झाल्यावर म्हातारा आमचं ऑफिस शोधत आला.

"तो डायवर यंदा आला नाय."

मी सांगितलं. त्यानं खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाला, "पुरलाय कुटं? मना दाव."

मी त्याला दफनभूमीत घेऊन गेले. तिथे टोपी काढावी की ठेवावी, हे त्याला कळेना. शेवटी काढून हातात धरली आणि मातीकडे बघत म्हणाला, "नीज आता."