सागाचा पाळणा
परवा सुताराच्या दुकानात रंध्याखालून सागाचा वास आला आणि मला दिग्रसमधलं तसंच एक दुकान आठवलं. तेव्हा मला सातवा महिना होता आणि पाळण्यावर किती खर्च करायचा, यावरून आम्हा नवराबायकोचं आठवडाभर जुंपलं होतं. ह्यांना आंब्याच्या लाकडाचा आठशेचा पुरे वाटे, माझं मन सागावर. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, ठरलेली लग्नं पुढे ढकलली जात होती. सुताराकडे एका नवरीच्या पलंगासाठी कापलेला साग तसाच पडून होता. "दोन हजारात पाळणा करून देतो, वहिनी," तो म्हणाला. थांबलेल्या लग्नाचं लाकूड, म्हणून आता मीच कचरले. सोबत आलेल्या सासूबाई फळीवरून हात फिरवत ह्यांना म्हणाल्या, "लग्न थांबलं हाय, मोडलं नाही. अन् आंब्याचा आपल्याच लेकरापुरता पुरन. सागाचा कर बाबू, चार घरी फिरन." ह्यांनी पैसे काढले. लेक पाळण्यात मावेनाशी झाली, तेव्हा "रिकामा पाळणा घरात ठेवू नाही" म्हणत सासूबाईंनी तो त्याच नवरीकडे पाठवला. तिला नुकताच मुलगा झाला होता. आता माझी लेक बाळंतपणाला आली आहे, म्हणून परवा तो पाळणा शोधत निघाले. चौथ्या घरी सापडला. त्यात कुणाचं तरी बाळ मूठ चोखत झोपलं होतं. मी पाऊल न वाजवता बाहेर आले, जवळच्या एका सुताराकडे गेले आणि नवा सांगितला. सागाचाच.