ट्रायलचा दिवस
दुखऱ्या पायावर मारायच्या स्प्रेचा तो गार, झोंबणारा वास आला की मला बारावीनंतरचा जून आठवतो. बाबा आणि मी स्कूटरवरून कॉलेजं पाहत फिरत होतो. एकीकडे मुलींची फुटबॉल टीम उत्तम, पण फिजिक्स शिकवायला कुणी नाही. दुसरीकडे अभ्यास चांगला, पण मैदानात गाड्या लावलेल्या. तिसऱ्या कॉलेजात मात्र दोन्ही होतं. मार्कांवर अ‍ॅडमिशन झाली, टीममधली निवड तेवढी राहिली. ट्रायलला मी एक गोलही केला. मग चेंडू घेऊन वळताना गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला आणि मी लाल मातीत कोसळले. क्रीडाशिक्षक धावत आले, त्यांनी स्प्रे मारला, पण पाय टेकवेना. डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद म्हणून सांगितलं. परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "अगं, अ‍ॅडमिशन तर आहे ना आपली?" त्यांचा आवाज फाटला होता, म्हणून मीच "आहे की, बाबा" म्हटलं. तीन वर्षं तिथेच शिकले. प्रॅक्टिकल चालू असताना खालच्या मैदानातून शिट्टी ऐकू यायची, मी खिडकीकडे पाठ करून उभी राहायचे. आजही कॉलेजचं नाव ऐकून कुणी हौसेनं विचारतं, "अरे वा, मग फुटबॉल खेळायचात का?" मी नाही म्हणते.