वरच्या वाडीकडे वळणारा बाण

त्यांना सगळे झडतीराव म्हणत. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, ते सूतगिरणीच्या फाटकावर पडलं होतं. सुटीच्या भोंग्यानंतर कामगारांच्या पिशव्या उघडून बघायची नोकरी त्यांनी ऐन तरुणपणी धरली आणि गिरणी बंद पडेपर्यंत सोडली नाही. गिरणी गेली, पण सवय अंगात मुरली ती मुरलीच. बाजारातून आणलेली भाजी घरी पुन्हा तोलायची. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचा, आणि परत वर जाऊन ओढून बघायचं. शेजाऱ्याने हसून चौकशी केली तरी यांच्या मनात पाल चुकचुकायची, आज हा एवढं गोड का बोलतोय? बायको म्हणायची, "अहो, एखाद्या दिवशी स्वतःच्या सावलीला पकडून विचाराल, तुला माझ्या मागे कोणी लावलं?"

अशा माणसाला सायकलवाटेची राखण करायची दुसरी नोकरी मिळाली आणि खरं सांगायचं तर याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. डोंगरातून पूर्वी छोटी आगगाडी जायची. तिचे रूळ उखडून, मध्ये शेतांमधले जुने रस्ते जोडून ही वाट केलेली होती. गाड्यांना तिच्यावर मज्जाव. फक्त पायी चालणारे आणि सायकलवाले. चाकांच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या लटकवून कुठले कुठले प्रवासी यायचे, चढावर धापा टाकायचे, उतारावर ओरडायचे. कोसळलेले दगड उचलणं, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करणं, दिशा दाखवणारे फलक सरळ ठेवणं हे झडतीरावांचं काम. ते स्वतःच्या जुन्या सायकलवरून रोज फेरी मारायचे. एकदा चिखलात जाड चाकाचा माग दिसला. मोटारसायकल घुसली म्हणून ते अर्धा डोंगर त्या मागावरून गेले, तर शेवटी एक म्हातारा शेतकरी हातगाडीवरून शेण वाहून नेताना सापडला. त्याची माफी मागायची सोडून झडतीरावांनी गाडीत खाली काय आहे तेही काठीने ढवळून बघितलं.

पाण्याच्या टाकीपाशी वाटेला फाटा फुटायचा. उजवी वाट डोंगराच्या कडेकडेने, फारसा दम न लावता पलीकडच्या खोऱ्यात उतरायची. डावी छातीवर येणारा चढ चढून वरच्या वाडीत जायची आणि तिथेच संपायची. फाट्यावरच्या खांबाला एक लोखंडी बाण पट्टीने आणि नटबोल्टने आवळलेला होता, उजवीकडे तोंड करून. गेल्या हिवाळ्यापासून हा बाण मधूनच डावीकडे बघायला लागला. लांबून आलेले सायकलवाले भरवशाने डावीकडे वळत, जीव खाऊन चढ चढत, आणि वर रस्ता संपलेला बघून मायबाप काढत. मग ऑफिसात तक्रार जायची आणि साहेबांचा फोन यायचा.

"वाऱ्याने फिरला असेल," साहेब पहिल्यांदा म्हणाले होते.

"साहेब, वारा नट सैल करेल एक वेळ. परत आवळून जाणार नाही," झडतीराव म्हणाले.

संशय कोणावर घ्यायचा यासाठी फार डोकं खाजवावं लागलं नाही. वाट चुकून वर पोचलेला घामाघूम माणूस पहिल्यांदा कुठे टेकणार? वाडीतल्या एकुलत्या एका चहाच्या टपरीवर. चहावाला झडतीरावांच्याच शाळेतला, एका बाकावरचा. म्हणजे त्याचे गुण यांना पाठ. झडतीराव मूळचे त्याच वाडीतले. आता ते बायकोबरोबर खाली गावात दोन खोल्यांत राहायचे आणि म्हातारी आई एकटी वर जुन्या घरात. खाली ये म्हटलं तर यायची नाही. बाण सरळ करायला गेले की झडतीराव टपरीसमोर उभे राहून चहावाल्याला नजरेने खायचे, आणि मग आलोच आहोत तर म्हणून आईकडे डोकावायचे. चूल पेटलेली असायची, जेवण गरम असायचं. ते घाईघाईने चार घास खायचे आणि उतरायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर प्रकरण अंगाशी आलं. धुक्यात एक वयस्क बाई त्या चढावरून परत उतरताना सायकलसकट पडली आणि तिचं मनगट मोडलं. साहेबांचा आवाज बदलला. "या वेळी माणूस शोधा. नाहीतर आम्हाला तुमच्या जागी दुसरा माणूस शोधावा लागेल."

या वयात दुसरी नोकरी कोण देणार? बायकोच्या शिवणावर घर चालण्यातलं नव्हतं. झडतीरावांनी चहावाल्याचं नाव सांगून टाकलं. टपरी वाटेच्या जागेवर होती, ती बंद करण्याचा हुकूम निघाला आणि तो घेऊन जायलाही झडतीरावच गेले. चहावाल्याने हुकूम वाचला, एकही शब्द न बोलता बाकडी उलटी करून ठेवली आणि विस्तवावर पाणी ओतलं. झडतीरावांची खात्रीच पटली. निर्दोष माणूस आकाशपाताळ एक करतो. हा मुकाट्याने बाकडी उचलतोय म्हणजे नक्की पाणी मुरतंय.

त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, बाण पुन्हा डावीकडे फिरला.

आता हा सूड उगवतोय, असं झडतीरावांनी ठरवलं. या खेपेला त्याला रंगेहाथ धरायचा. सकाळी ते गुपचूप गेले, बाण सरळ केला, वाडीत पाऊलही टाकलं नाही, आईकडेसुद्धा नाही. सायकल झुडपात दडवली आणि टाकीमागे बसले. उन्हं वर आली. पाय बधिर झाले. तेवढ्यात वरून कोणीतरी हळूहळू उतरताना दिसलं, आणि ती त्यांची आई होती.

ती काठी टेकत खांबापाशी आली. सरळ झालेला बाण बघून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग खाली गावाकडे जाणाऱ्या वाटेकडे बघितलं, कपाळावर हात धरून, लांबपर्यंत. तिथे कोणी नव्हतं. तिने शालीतून पाना काढला आणि नटाला लावला.

"आई!"

ती दचकली, पण पाना काही हातातून सुटला नाही. "आलायस होय? मग घरी का नाही आलास?"

"हे काय चाललंय तुझं?"

"दिसत नाही का?"

"अगं, पण कशासाठी?"

आईने सैल झालेला नट बोटांनी चाचपला. "मागे मी तुला फोन केला होता. तू विचारलंस, काही काम आहे का? काम तर काही नव्हतं. तू ठेवून दिलास." तिने पाना शालीला पुसला. "म्हणून मग काम काढलं."

झडतीरावांना आधी राग आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मग लाज वाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या तपासल्या, आणि न कळवता गेलं तरी आईचं जेवण नेमकं गरम कसं असतं हा प्रश्न या शहाण्याला एकदाही पडला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

त्यांनी पडलेल्या बाईबद्दल सांगितलं. आईचा चेहरा उतरला, ती दगडावर बसली. "फार लागलं का रे तिला? मला कोणी बोललंच नाही. धुकं असलं तर मी हात नाही लावत. त्या दिवशी नंतर उतरलं असेल." मग म्हणाली, "आणि ती टपरी कशी बंद आहे? त्याला विचारलं तर म्हणतो, कंटाळा आला."

आईला हाताला धरून वर घरी सोडलं आणि झडतीराव तसेच चहावाल्याच्या परसात गेले. तो लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड थांबवली नाही.

"तुझं नाव मी दिलं होतं," झडतीराव म्हणाले.

"माहीत आहे. आणखी कोण देणार?"

"ते काम आईचं निघालं."

"तेही माहीत आहे."

"माहीत होतं? आणि तू गप्प बसलास? अरे, पोटावर पाय आला तुझ्या!"

चहावाल्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "सायकलवाल्यांसाठी ठेवलेला पाना ती माझ्याकडूनच मागून घेऊन गेली. कशाला हवा विचारलं, तर म्हणाली, मुलाला बोलवायचंय. आता यावर मी काय बोलणार? दिला." घाम पुसत तो पुढे म्हणाला, "चार चहा जास्त खपायचे, ते खोटं कशाला बोलू? पण तू येऊन गेलास की ती आठवडाभर नीट जेवायची. तुझ्या साहेबाला सांगितलं असतं, तर तिलाच जाब विचारला असता ना त्याने?"

शेजारी पडलेली लाकडं झडतीराव उगीच रचायला लागले, चहावाल्याने रचू दिली. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच, त्याच्यासमोर, साहेबांना सगळं सांगितलं. बाण माझ्या आईने फिरवला, चहावाल्याचं नाव मी पुराव्याशिवाय दिलं, त्याची टपरी उघडू द्या. साहेब म्हणाले, टपरीचं बघतो, तुमचं मात्र उद्या ऑफिसात येऊन बोलू. त्या उद्याचा अर्थ झडतीरावांना पुरता कळला.

"पाना तेवढा आणून दे," चहावाला म्हणाला. "टपरी उघडली की लागेल."

आई उंबऱ्यात बसली होती. झडतीराव तिच्याशेजारी बसले. या वेळी उतरायची घाई त्यांनी केली नाही. नोकरीचं त्यांनी सांगितलं नाही, बोलले एवढंच, की यापुढे दर रविवारी येईन, काम असो वा नसो, सूनही येईल. आईने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"खरं सांगतोस?"

"अगदी खरं. आण तो पाना, त्याचा त्याला देऊन टाकतो."

आईने शाल घट्ट ओढून घेतली.

"राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "आधी एक रविवार येऊ दे."