नानांनी संशय न घेतलेला माणूस

रेवा आणि ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला हसलात. कुरिअरवाला दारात ताटकळतोय आणि आजी चष्मा लावून पावतीची मागची बाजूसुद्धा वाचतेय, म्हणून. ही सवय मला आपल्या शेजारच्या नानांनी लावली. नाना गेल्या महिन्यात गेले. आता लिहून ठेवलं नाही तर तुम्ही नुसतेच हसत राहाल.

नाना जगातल्या सगळ्यांवर संशय घ्यायचे. सूट एकालाच, ज्याच्यावर बाकी सगळ्यांचा संशय असेल त्याला. धुळ्याकडे कोर्टात जन्मभर शिपाई होते. दाराबाहेर उभं राहून आरोपींची नावं पुकारायची आणि आत चाललेला कायदा फटीतून ऐकायचा, असं त्यांचं शिक्षण. निवृत्तीनंतर लेकीकडे, इकडे सावद्याजवळ आले, पण शिंदखेड्याची अहिराणी सोडली नाही. दूधवाल्याचं दूध ते स्वतःच्या मापाने पुन्हा मोजत. केळीच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहत. लग्नपत्रिका आली की तारखेची खात्री करायला थेट वधूपित्याला फोन. एकदा मी त्यांना कमी साखरेचा चहा दिला, तर म्हणाले, "हाई डॉक्टरनी सांगं का मनी पोरनी?" म्हणजे पोटच्या लेकीवरही संशय.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या मळ्यातून पाण्याची मोटर चोरीला गेली आणि पोलिसांनी आपला सालदार, वर्षाच्या बोलीने मळ्यात राबणारा भिका उचलला. खरं सांगते, मलाही तोच वाटला. दोन दिवस कामावर उशिरा आला होता आणि अंगात नवा शर्ट होता. संध्याकाळी हवालदार घरी आले. "बाई, तुम्ही शिकलेल्या, गावात मान आहे. पंचनाम्यावर पंच म्हणून सही करा." आपल्याकडे पंचाची सही चहा पिता पिताच होते. कुणी जागेवर जात नाही, कुणी वाचत नाही. "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून शाळेत पोरींचं डोकं खाणारी मी, सही करून मोकळी झाले.

हवालदार गेल्यावर कुंपणापलीकडून आवाज आला. "अक्का, बठ्ठं वाचं का?"

"त्यात काय वाचायचं? मोटर भिकाच्या घरात सापडली म्हणे."

"तुम्ही देखी का?"

"नाही."

"मंग सही कोनी? तुमनी का हवालदारनी?"

मी चहाच्या कपबशा उचलायला लागले. नाना मात्र उठले. चौकीतल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून घरचं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून चौकीत गेले आणि बाकावर ते मांडीवर घेऊन बसले. "चोवीस तासमा मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा, साहेब. वकील बी पाहिजे." भिका गजांआडून रडायला लागला, "नाना, मी चोरी नाही केली." नाना ओरडले, "चूप! गप बसाना हक्क शे तुले. माले बी सांगू नको!"

दुसऱ्या दिवशी ते मला तालुक्याच्या कोर्टात घेऊन गेले. भिकाला मिळालेल्या मोफत वकिलाने मला उभं केलं. मी सांगितलं, "सही माझी आहे. पण मी भिकाच्या घरी गेले नव्हते. मोटरही पाहिली नाही." पोलिसांशी वाकडं घेतलं म्हणून तुमचे आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भिकाला जामीन मिळाला, पुढे तो सुटला.

परतताना एसटीत मी हळूच विचारलं, "नाना, पण त्याने घेतली असेल का हो?"

नाना मांडीवरच्या त्याच घड्याळाची काच पुसत होते. "तुमना संशय घरमा ठेवा, अक्का. कागदवर लिखू नका."

आता कुंपणापलीकडून कुणी काही विचारत नाही. तरी पेन हातात घेतलं की मी जराशी थांबते, त्या बाजूला कान देते, आणि मग पहिल्या ओळीपासून वाचायला लागते. कागदावर भिकाच्या घरात सापडलेली ती मोटर खरोखरची अजून कुणालाच सापडलेली नाही. भिका अजून आपल्याच केळीला पाणी देतो.