पदर घेतला आन् गोठा गेला

हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या गल्लीत नळ आला, तो माझ्या हुशारीनं न्हाई, माझ्या चुकीनं.

महिलांनी पुढारपण कसं करावं याचं जालन्याला शिबिर झालं. मंठ्याकडच्या आमच्या गावातून मी एकटीच गेल्ते. परत आले ती अशी, की नवऱ्यालाबी 'आपलं मत मांडा' म्हणाय लागले.

गल्लीतल्या बाया पार वढ्यापलीकडून पाणी आणायच्या. ग्रामसभेत नळाची जागा ठरणार होती. बाया गप बसल्या तर नळ जाणार गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाराजवळ. पण मोठ्या माणसांपुढं हात वर करायला सगळ्या लाजायच्या.

म्हणलं, "बिलकुल घाबरू नका. आपल्या गल्लीजवळची शाळेमागची जागा पुकारली की मी डोक्यावर पदर घेते. पदर दिसला की बराबर हात वर."

सभा भरली. ग्रामसेवकानं पहिली जागा वाचली, पाराजवळची. धा-बारा गड्यांचे हात वर झाले. मंग दुसरी. "किसनरावांचा गोठा सरकारी जागेत आहे. तो हटवून तिथं."

किसनराव म्हणजे कोण? माझे सासरे. आन् नेमके तवाच ते दारातून आत आले. पंधरा वर्षांची सवय हो, पदर आपसूक डोक्यावर गेला.

चाळीस हात वर!

सासऱ्यांपुढं मोठ्यानं बोलायची सोय न्हाई. मी आपली हात उचलून खुणावून राह्यले, खाली घ्या, खाली घ्या.

ग्रामसेवक म्हणला, "आन् ह्या एक्केचाळीस. घरची सून बी तयार हाय. ठराव मंजूर."

सासरे माझ्याकडं बघतच राह्यले. शेजारची गयाबाई उठली, "मामा, तुमच्या सुनेनं घरापासून सुरुवात केली." समद्या सभेनं टाळ्या वाजवल्या. आता त्यांना न्हाई कसं म्हणता येईल?

गोठा हटला आन् तिथंच नळ बसला, गल्लीच्या मधोमध. पहिली धार हंड्यात पडली तशी गयाबाई रडली, मीबी रडले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

सरपंचांनी शाल घातली, पाणी समितीची अध्यक्ष केलं. मिरवत घरी आले, तर सासऱ्यांनी म्हैस ओसरीवर बांधलेली.

"या अध्यक्षबाई," म्हणले. "तुमच्या ठरावानं ही बेघर झाली. हिचं पुनर्वसन तुम्हीच बघा."

मंग काय, शाल काढायचीबी सवड म्हशीनं दिली न्हाई. अध्यक्ष म्हणून पहिलं काम केलं, शेणाची पाटी उचलली.