काय नको, ते लिहा

नवख्यांना खेळ शिकवावा तर मीच, असं आमच्यात सगळे म्हणतात, आणि मीही ते कधी नाकारलं नाही. नागपुरात, नंदनवन भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून घेतलं की त्यावर फासे येतात. खेळ तसा सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. ती मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, त्यांच्या तोंडून बोलतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकतात. मोठा आकडा पडला तर जमलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, हरणं-जिंकणं नाही. तरी पहिल्यांदा आलेला माणूस तोंडी परीक्षेला बसल्यासारखा घाम पुसत असतो.

मला तो घाम आवडतो. खोटं कशाला बोलू? मी फार्मसी कॉलेजात शिकवते, आठवडाभर पोरांच्या तोंडी परीक्षा घेते, आणि रविवारी मोठ्या माणसांच्या घेते. एवढाच फरक.

माझ्या टेबलावर दोघं कायमचे होते: दातांचा एक डॉक्टर आणि बँकेत काम करणारी एक मुलगी. तिसरी आली ती आमच्या कॉलेजची लायब्ररियन. चाळिशीची, उमरेडहून रोज एसटीनं येणारी, खांद्याला कायम डब्याची पिशवी. एके दिवशी पुस्तकावर शिक्का मारता मारता, वर न बघता तिनं विचारलं, "मॅडम, तो तुमचा रविवारचा खेळ असते म्हनतात, तिथं मले येता येईन का?"

मी हो म्हणाले. एक रविवार करमणूक होईल, असा माझा हिशेब होता. घरी तिनं कॉलेजात ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं. तिच्या घरात नवरा, सासू, दीर, सगळे बोलणारे. ही फक्त ऐकणारी. "तीन घंटे कोनी आवाज देत नाई, एवढंच पाह्यजे मले," असं ती पहिल्याच दिवशी माझ्या दारात चपला काढताना म्हणाली. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पहिल्या रविवारी तिनं अगदी हवं तसं केलं. "समोर जंगल आहे, अंधार पडतोय, तुम्ही काय करता?" असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "मी? मी लायब्ररीत असतो ना मॅडम, तुमाले त माहीत आहे." डॉक्टर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. बँकवाली तोंडावर हात धरून बसली. मी हसले नाही, तोंड सरळ ठेवून तोच प्रश्न तीनदा विचारला, आणि तीनही वेळा ती आणखी लाल झाली. पुढचे दोन दिवस हा किस्सा मी स्टाफरूममध्ये तिच्या आवाजात करून दाखवला.

नवा माणूस आला की माझ्याकडे एक रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची. या टेबलावर जे यायला नको वाटतं ते तिच्यावर लिहायचं. नाव घालायचं नाही, कारण सांगायचं नाही. चिठ्ठ्या फक्त मी वाचणार, आणि लिहिलेली गोष्ट गोष्टीत येणार नाही, हा माझा शब्द. गोष्ट खोटी असली तरी ऐकणारं काळीज खरं असतं, असं वाक्यही मी त्या वेळी म्हणते. डॉक्टरनं लिहिलं होतं, "दात नको, रविवार आहे." बँकवालीनं लिहिलं होतं, "साप, आणि लहान मुलांना मारणं." तिसरी चिठ्ठी लायब्ररीच्या तारखेच्या कागदावर होती, म्हणजे कोणाची ते सांगायला नकोच. तिच्यावर लिहिलं होतं, "मिरचीची धुरी नको."

पुढे मात्र माझा हिशेब चुकला. दुसऱ्या रविवारी तिनं आपलं माणूस ठरवलं. डॉक्टर सरदार होता, बँकवाली जादूगारीण. हिनं वाट दाखवणारी बाई घेतली, हत्यार नाही, काही नाही. आणि बोलायला लागली. तिसऱ्या रविवारी मी किल्ल्याच्या दारावर एक राक्षस उभा केला होता. त्याला मारायला दीड तास लागावा अशी माझी तयारी होती. तिनं त्याच्याशी गप्पा सुरू केल्या. त्याचं गाव विचारलं, घरी कोण आहे विचारलं, रात्रीच्या पाळीला भत्ता मिळतो का विचारलं. शेवटी राक्षस, म्हणजे मीच, दार उघडून मोकळी झाले. एक फासा टाकावा लागला नाही. डॉक्टरनं मोबाईल उलटा ठेवला होता आणि हनुवटीखाली हात घेऊन तिच्याकडे बघत बसला होता. माझी गोष्ट ऐकताना पाच वर्षांत त्या माणसानं मोबाईल खाली ठेवला नव्हता.

जाताना तो जिन्यावर तिला म्हणाला, "ताई, काहून इतके दिवस लपून राहिल्या तुमी? तुमीच गोष्ट सांगत जा ना आता." ती हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. तरी मला ते झोंबलं. माझं घर, माझं टेबल, चहा माझा, आणि कौतुक या कालच्या बाईचं. मला तिची बोलती बंद करायची होती. एवढं साधं आणि एवढं घाणेरडं कारण होतं.

त्या आठवड्यात मी चिठ्ठ्यांचा डबा काढला.

मी नागपूरची, पण धुरी म्हणजे काय हे मला माहीत होतं. बाईच्या अंगात काही शिरलंय असं घरच्यांनी ठरवलं की तिला खोलीत कोंडायचं, निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकायच्या आणि दार लावून घ्यायचं. अंगातलं भूत ओरडत बाहेर पडतं म्हणे. हिचं माहेर भिवापूरकडचं. तिकडे घराघरात मिरची, तेव्हा लहानपणी कुठेतरी असलं काही बघून घाबरली असेल, असं मी धरून चालले. जास्तीत जास्त ती गप्प बसेल. डोळ्यांत पाणी आलं तर मी खेळ थांबवीन आणि पाणी आणून देईन, तेही मीच. प्रसंग रंगावा म्हणून तव्यावर खरोखरच्या दोन मिरच्या भाजाव्यात असंही माझ्या मनात आलं होतं. मिरच्या बरणीतून काढल्या आणि परत ठेवल्या. इतकी काही मी वाईट नाही, असं मनाशी म्हणाले आणि बरं वाटून घेतलं.

रविवारी तिघं प्रवास करत एका गावात पोचले. गावात सामसूम. एका घरासमोर माणसं जमलेली. आत खोलीत एक बाई कोंडलेली आहे, असं मी सांगितलं. वासाचं वर्णन मला चांगलं जमतं. घशात आधी खाज सुटते, मग डोळे, मग श्वास आत जायचाच नाही म्हणतो. दाराच्या फटीतून धूर येतोय. मिरचीचा.

तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मी नजर कागदावर ठेवली.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाला, "करायचं काय त्यात, दार तोडतो!" बँकवाली मंत्र शोधायला लागली. ती मात्र गप्प होती. जिंकले, असं मला वाटलं. मला चांगलं आठवतं, मी चहाचा घोट घेतला.

मग तिनं विचारलं, "मॅडम, दार कोन्या बाजूनं बंद आहे?"

"बाहेरून. कडी लावलेली आहे."

"नाई मॅडम. ते कडी ढिली असते. नुसती लावली त निघून जाते. कोनाले तरी धरून उभं राहा लागते." तिनं हात टेबलाखाली घेतले. "मी धरून उभी आहे."

"ओ ताई," डॉक्टर हसत म्हणाला, "आपन तिले सोडवाले आलो ना! खोला दार."

"मी नाई खोलत."

इथं मी थांबायला हवं होतं. तिचा चेहरा माझ्या समोर होता, काय चाललंय ते कळायला चिठ्ठीचीही गरज नव्हती. पण टेबलावरच्या सगळ्यांची नजर पुन्हा तिच्याकडे गेली होती, आणि ती मला परत हवी होती.

"आतली बाई दार ढकलतेय," मी म्हणाले. "सगळा जोर लावून. तुमच्याच्यानं कडी धरवते का बघू. फासा टाका."

तिनं एक हात वर घेतला आणि फासा टाकला. अठरा.

"कडी टिकली," मी म्हणाले.

"टिकलीच होती," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा होता, पुस्तक परत करायची तारीख सांगतानाचा. "नऊ वर्साची होती मी. आजीनं सांगतलं होतं, कडी सोडशीन त ते तुह्या अंगात शिरन. दोन्ही हातानं धरली म्या. माय आतून मलेच आवाज देऊन राहिली होती. बाप होता, काका होता, पन ते माह्यंच नाव घेऊन राहिली होती."

डॉक्टरनं मोबाईल उचलला आणि परत ठेवला.

"मग?" बँकवालीनं हळूच विचारलं.

"मंग काई नाई वं. वाचली माय. पन मरेपर्यंत माह्या हातचं पानी नाई पेली."

माझ्याकडे तेव्हा म्हणण्यासारखं एकच वाक्य होतं: चिठ्ठी मी वाचली होती, आणि तरी हे मुद्दाम आणलं. ते जिभेवर आलंही होतं. पण तिनंच आधी पदर सारखा केला आणि दोघांकडे बघून म्हणाली, "माफ करा, तुमचा खेळ खराब केला म्या. मले अजून नाई जमत."

"असू द्या," मी म्हणाले. "नवख्यांचं होतं असं."

तिनं मान हलवली आणि फासा माझ्याकडे सरकवला.